चपळ प्रकल्पपद्धती आणि बदलांचे व्यवस्थापन : एफबीआयच्या 'व्हर्च्युअल केस फाइल' व 'सेंटिनल' या प्रकल्पांचा ऐतिहासिक अभ्यास (२००० ते २०१२)

प्रस्तावना :

संगणकीय प्रणालींच्या उभारणीच्या इतिहासात 'बदल' हा शब्द दीर्घकाळ संकटाचा समानार्थी मानला गेला. काम सुरू होण्यापूर्वी गरजांची यादी पूर्ण व्हावी, तिच्यावर ग्राहक व कंत्राटदार या दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि त्यानंतर त्या यादीला शक्यतो हात लावू नये, ही समजूत बांधकाम व यंत्रनिर्मिती या क्षेत्रांतून संगणकक्षेत्रात आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'अजाईल' म्हणजे चपळ पद्धतींच्या पुरस्कर्त्यांनी या समजुतीला आव्हान दिले. तेव्हापासून 'जुनी पद्धत बदल नाकारते, चपळ पद्धत बदल स्वीकारते' असे सोपे समीकरण पाठ्यपुस्तकांतून व वर्गाध्यापनातून रूढ झालेले दिसते.

हे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे. त्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन म्हणजेच एफबीआय या तपाससंस्थेतील दोन लागोपाठच्या प्रकल्पांची निवड केली आहे. 'व्हर्च्युअल केस फाइल' हा पहिला प्रकल्प २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. 'सेंटिनल' हा दुसरा प्रकल्प अर्ध्यावर अडखळला, २०१० मध्ये चपळ पद्धतीकडे वळला आणि २०१२ मध्ये कार्यान्वित झाला. संस्था तीच, गरज तीच आणि वापरणारे तपास अधिकारीही तेच असल्याने या दोन प्रकल्पांची तुलना विशेष बोलकी ठरते.

उद्दिष्टे :

१. प्रकल्पातील बदलांकडे पाहण्याच्या दृष्टिकोनाचा १९६८ नंतरचा विकास थोडक्यात मांडणे.
२. उपरोक्त दोन प्रकल्पांत बदल कसे हाताळले गेले याचा मागोवा घेणे.
३. चपळ पद्धतीचे बदल-व्यवस्थापनातील नेमके योगदान व तिच्या मर्यादा निश्चित करणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

वैचारिक पार्श्वभूमी :

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो'च्या विज्ञान समितीच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा प्रस्थापित झाली. वाढता खर्च, लांबणाऱ्या मुदती आणि न चालणाऱ्या प्रणाली या प्रश्नांना अभियांत्रिकी शिस्तीचे उत्तर द्यावे, असा या परिषदेमागील विचार होता. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या प्रणालींच्या उभारणीतील टप्पे दाखविणारा लेख प्रसिद्ध केला. गरजा, विश्लेषण, आराखडा, आज्ञावली, चाचणी आणि वापर अशा उतरत्या क्रमाची ती आकृती पुढे 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा प्रतिमान म्हणून प्रसिद्धीस आली. हा शब्द रॉइस यांच्या लेखात नव्हता. शिवाय एकाच दिशेने वाहणारा असा क्रम धोक्याचा आहे, हे त्यांनी त्याच लेखात नमूद केले होते. तथापि शासकीय खरेदी व्यवहाराला सोयीची ठरली ती आकृती, तिच्यासोबतचा इशारा नव्हे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वीकारलेल्या '२१६७' या मानकाने ही टप्प्याटप्प्यांची, कागदपत्रांवर आधारलेली रीत आणखी दृढ केली.

या रीतीला आर्थिक युक्तिवादाचीही जोड होती. बॅरी बोहम यांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात, चूक जितकी उशिरा सापडेल तितका ती सुधारण्याचा खर्च अनेक पटींनी वाढतो, हे दाखविले. त्यावरून गरजा लवकर गोठवाव्यात आणि नंतरचा प्रत्येक बदल 'बदल नियंत्रण मंडळा'पुढे मांडावा, असा निष्कर्ष व्यवहारात काढला गेला. मात्र खुद्द बोहम यांनीच १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'सर्पिल प्रतिमान' मांडून धोक्यांचा अंदाज घेत आवर्तनांनी पुढे जाण्याचा पर्याय सुचविला. फ्रेडरिक ब्रुक्स यांनीही १९८६ च्या निबंधात प्रणाली एकदम बांधण्यापेक्षा ती क्रमाने वाढवावी, असे प्रतिपादन केले.

याच काळात उत्पादनक्षेत्रातून दुसरा विचारप्रवाह आला. हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये नव्या वस्तूंच्या विकासाला रग्बीच्या खेळाची उपमा दिली. तिच्यातूनच 'स्क्रम' हे नाव पुढे आले. जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ही पद्धत प्रत्यक्षात वापरली, तर १९९५ मध्ये केन श्वाबर यांनी तिची औपचारिक मांडणी केली. केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणालीच्या प्रकल्पात १९९६ पासून 'एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग'चे प्रयोग केले. १९९९ मध्ये त्याच नावाच्या विवेचनग्रंथाच्या उपशीर्षकातच त्यांनी बदलाला कवटाळण्याचे आवाहन केले. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा जण एकत्र आले आणि चार मूल्ये व बारा तत्त्वे असलेला 'अजाईल जाहीरनामा' सिद्ध झाला. अगदी उशिरा येणाऱ्या बदलत्या गरजांचेही स्वागत करावे, असा त्यातील दुसऱ्या तत्त्वाचा आशय आहे.

नेमक्या याच सुमारास एफबीआयमध्ये पहिल्या प्रकल्पाची पायाभरणी होत होती.

'व्हर्च्युअल केस फाइल' : बदलांचा लोंढा

एफबीआयचे तपासकार्य १९९५ पासून 'ऑटोमेटेड केस सपोर्ट' या प्रणालीवर चालत होते. ही प्रणाली जन्मतःच जुनाट होती. अधिकारी अहवाल तयार करीत, तो कागदावर छापून वरिष्ठांची सही घेत आणि मूळ कागद फाइलमध्ये जाई. या व्यवस्थेची किंमत मे २००१ मध्ये उघड झाली. ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटातील दोषी टिमथी मॅक्वे याच्या वकिलांना द्यावयाची तीन हजारांहून अधिक पाने ब्युरोकडून दिली गेली नव्हती, असे शिक्षेच्या तोंडावर लक्षात आले व शिक्षेची अंमलबजावणी सुमारे महिनाभर पुढे ढकलावी लागली. न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी २००२ मधील अहवालात मानवी चुकांबरोबरच क्लिष्ट माहितीप्रणालीकडेही बोट दाखविले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तर संशयितांची छायाचित्रे ई-मेलने पाठविण्याचीही सोय क्षेत्रीय कार्यालयांना नव्हती, हे वास्तव समोर आले.

तत्पूर्वी, नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकन काँग्रेसने 'ट्रिलॉजी' या आधुनिकीकरण कार्यक्रमासाठी सुमारे ३८ कोटी डॉलर मंजूर केले होते. नवे संगणक, नवे जाळे आणि नव्या आज्ञावली असे त्याचे तीन भाग होते. तिसऱ्या भागाचे कंत्राट जून २००१ मध्ये 'सायन्स अॅप्लिकेशन्स इंटरनॅशनल कॉर्पोरेशन' म्हणजे एसएआयसी या कंपनीला मिळाले. सुरुवातीचा उद्देश मर्यादित होता : जुनी प्रणाली कायम ठेवून तिला वापरण्यास सोपा असा नवा दर्शनी भाग द्यावयाचा. हल्ल्यांनंतर मात्र जुनी प्रणालीच हटवून संपूर्ण नवी प्रणाली उभारण्याचा निर्णय झाला. हा केवळ तपशिलातील बदल नव्हता. प्रकल्पाचे स्वरूपच त्याने पालटले. दबाव मात्र काम लवकर संपविण्याचाच होता.

२००२ च्या पूर्वार्धात सुमारे सहा महिने अधिकारी व अभियंते यांच्या संयुक्त बैठका झाल्या. त्यांतून आठशेहून अधिक पानांचा गरजांचा दस्तऐवज तयार झाला. 'काय हवे' याबरोबरच पडद्यावरील मांडणीसारखे 'कसे हवे' याचे तपशीलही त्यात होते. त्यामुळे पडद्यावरील क्षुल्लक फेरफार आणि कामाच्या गाभ्यातील फेरफार हे दोन्ही एकाच दर्जाचे 'बदल' ठरले. डिसेंबर २००२ ते डिसेंबर २००३ या वर्षभरात ब्युरोकडून सुमारे ४०० बदलांची मागणी झाली. त्याच वेळी कंत्राटदाराचे अनेक गट समांतरपणे आज्ञावली लिहीत होते, म्हणजे एका गटाच्या हातातील बदल दुसऱ्याच्या तयार कामाला छेद देण्याची शक्यता कायम होती. कंत्राट खर्चाची भरपाई करणारे होते. त्यात महत्त्वाच्या टप्प्यांवर थांबून आढावा घेण्याची सक्ती नव्हती. ब्युरोकडे संगणकव्यवस्थेचा समग्र आराखडा नव्हता. महानिरीक्षकांच्या नोंदीनुसार 'ट्रिलॉजी'च्या काळात हंगामी धरून पाच मुख्य माहिती अधिकारी व दहा प्रकल्प व्यवस्थापक बदलले.

डिसेंबर २००३ मध्ये कंत्राटदाराने प्रणाली सादर केली. ब्युरोने आधी १७ त्रुटी दाखविल्या. त्यांची संख्या पुढे ५९ झाली. वाद लवादाकडे गेला. २००४ मध्ये लवादाने १९ बाबी ब्युरोने बदललेल्या गरजांतून उद्भवल्याचे आणि ४० बाबी कंत्राटदाराच्या चुका असल्याचे ठरविले. मे २००४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने, जुनी प्रणाली एका रात्रीत बंद करून दुसऱ्या दिवशी सर्वत्र नवी सुरू करण्याच्या बेतावर कडक टीका केली. प्रायोगिक आवृत्त्या व क्रमशः उभारणी यांचा मार्ग समितीने सुचविला. अखेर २००५ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. त्यावर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. त्यांपैकी सुमारे १०.५ कोटी डॉलर वाया गेल्याचे ब्युरोचे तत्कालीन संचालक रॉबर्ट म्यूलर यांनी काँग्रेसच्या समितीपुढे मान्य केले. तपास अधिकारी मात्र पुन्हा जुन्याच प्रणालीसमोर बसले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. या प्रकल्पात बदल नाकारले गेले नाहीत; उलट ते सहजी स्वीकारले गेले. कोणता बदल कोणी मान्य करावयाचा, त्यासाठी कोणते काम मागे ठेवावयाचे आणि केव्हापर्यंतच्या बदलांचा विचार करावयाचा, याचा निर्णय घेणारी स्थिर व्यवस्था मात्र नव्हती. 'जुनी पद्धत बदल नाकारते' हे समीकरण येथेच अपुरे पडते.

'सेंटिनल'चा पूर्वार्ध : टप्प्यांची शिस्त आणि तिची मर्यादा

मार्च २००६ मध्ये लॉकहीड मार्टिन कंपनीला 'सेंटिनल'चे ३०.५ कोटी डॉलरचे कंत्राट देण्यात आले. एकूण अंदाज ४२.५ कोटी डॉलर होता व डिसेंबर २००९ पर्यंत चार टप्प्यांत काम पूर्ण व्हावयाचे होते. पूर्वानुभवावरून धडा घेऊन देखरेख वाढविण्यात आली. पहिला टप्पा जून २००७ मध्ये वापरात आला. जुन्या प्रणालीतील माहिती नव्या वेब-पडद्यावरून पाहण्याची सोय त्यातून झाली. त्यानंतर पुढील टप्प्यांचे आणखी लहान भाग पाडण्यात आले.

तरीही प्रत्येक टप्पा मोठाच होता व त्याची परीक्षा अधिकाऱ्यांच्या हाती पोहोचल्यावरच होत होती. दुसऱ्या टप्प्यातील अखेरच्या भागात वेग आणि वापरसुलभता यांविषयी गंभीर तक्रारी आल्या. २०१० मध्ये ब्युरोने काम थांबविण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०१० पर्यंत सुधारित ४५.१ कोटी डॉलरच्या तरतुदीपैकी सुमारे ४०.५ कोटी खर्च झाले होते आणि चारपैकी दोनच टप्प्यांचे काम हाती आले होते. त्याच मार्गाने पुढे गेल्यास आणखी किमान ३५.१ कोटी डॉलर व सहा वर्षे लागतील, असा अंदाज स्वतंत्र मूल्यमापनात 'माइटर' संस्थेने दिला. पहिल्या प्रकल्पाच्या तुलनेत येथे बदलांवर नियंत्रण होते. पण नियंत्रणाची आवर्तने फार लांब होती. चूक कळेपर्यंत पैसा संपलेला असे.

'सेंटिनल'चा उत्तरार्ध : चपळ पद्धतीचा अवलंब

सप्टेंबर २०१० मध्ये ब्युरोने प्रकल्पाचे थेट व्यवस्थापन आपल्या हाती घेत असल्याचे जाहीर केले. मुख्य माहिती अधिकारी चाड फुलघम यांच्या नेतृत्वाखाली चपळ पद्धतीने काम सुरू झाले. कंत्राटदाराचे मनुष्यबळ सुमारे २२० वरून ४० पर्यंत आणि प्रकल्पावरील ब्युरोचे कर्मचारी ३० वरून १२ पर्यंत कमी करण्याचे ठरले. उर्वरित गरजांचे ६७० 'युजर स्टोरीज'मध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेल्या छोट्या कामांमध्ये रूपांतर करण्यात आले. काम दोन आठवड्यांच्या 'स्प्रिंट'मध्ये विभागले गेले. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी चालणारी प्रणाली संबंधितांना दाखविली जाऊ लागली.

बदल-व्यवस्थापनाच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पारंपरिक कंत्राटात काम ठरलेले असते व बदल आला की वेळ किंवा पैसा वाढतो. येथे वेळेचा तुकडा ठरलेला असतो व बदल आला की कामांचा क्रम बदलतो. चालू स्प्रिंटमधील काम सामान्यतः हलविले जात नाही. नवी मागणी 'बॅकलॉग' या प्राधान्यक्रमानुसार लावलेल्या यादीत जाते आणि पुढील आवर्तनाच्या प्रारंभी तिचा विचार होतो. एखादे काम वर सरकले की दुसरे आपोआप खाली जाते. म्हणजे प्रत्येक बदलाची किंमत त्याच यादीत, सर्वांच्या डोळ्यांसमोर दिसते. चारशे मागण्या या व्यवस्थेतही येऊ शकतात. मात्र त्या एकाच वेळी सर्व गटांच्या अंगावर कोसळत नाहीत.

याचा अर्थ पुढील वाटचाल निर्वेध झाली असा नाही. सप्टेंबर २०११ ही पूर्ततेची मूळ तारीख पाळता आली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांच्या सहभागाने झालेल्या चाचणीत प्रणाली दोनदा बंद पडली व जुनी यंत्रसामग्री भार पेलण्यास अपुरी असल्याचे दिसून आले. आज्ञावली दर दोन आठवड्यांनी बदलता येते. यंत्रसामग्रीची खरेदी तशी होत नाही. तारीख आधी जानेवारी व नंतर मे २०१२ पर्यंत पुढे गेली. अखेरीस १ जुलै २०१२ रोजी 'सेंटिनल' सर्व अधिकाऱ्यांसाठी सुरू झाली. मूळ नियोजनाच्या तुलनेत अडीच वर्षांचा विलंब झाला होता. परंतु खर्च ४५.१ कोटी डॉलरच्या सुधारित मर्यादेत राहिला. २०१४ मध्ये महानिरीक्षकांनी घेतलेल्या आढाव्यात बहुसंख्य अधिकाऱ्यांनी प्रणालीचा दैनंदिन कामावर चांगला परिणाम झाल्याचे सांगितले, मात्र शोधसुविधा व अनुक्रमणिका यांविषयीचे असमाधानही नोंदविले गेले.

तुलनात्मक विवेचन :

या इतिहासातून चपळ पद्धतीचा सरळ विजय सिद्ध करण्याचा मोह टाळावयास हवा. २०१० नंतरच्या छोट्या गटाला आधीच्या दोन टप्प्यांचे काम व चार वर्षांचा अनुभव आयता मिळाला होता. २००१ मधील हल्ल्यांनंतरचा राजकीय दबावही त्याच्यावर नव्हता. शिवाय चपळ पद्धत वापरली की यश निश्चित, असेही नाही. 'एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग'ची जन्मभूमी मानला गेलेला क्रायस्लरचा वेतनप्रणाली प्रकल्प १९९७ मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाला खरा, पण २००० मध्ये तो बंद करण्यात आला.

हे मान्य करूनही एक फरक ठळकपणे उरतो. पहिल्या प्रकल्पात बदलाला दार होते, पण दारावर कोणी नव्हते. 'सेंटिनल'च्या पूर्वार्धात दारावर पहारा होता, पण दार फार क्वचित उघडत असे. उत्तरार्धात दार दर दोन आठवड्यांनी, ठरलेल्या वेळी उघडू लागले आणि कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार ज्या संस्थेला प्रणाली वापरावयाची होती तिच्याच हाती आला. यापैकी तिसरी बाब सर्वाधिक महत्त्वाची वाटते. ब्युरोने पद्धत बदलण्याबरोबरच जबाबदारीही स्वतःकडे घेतली. ही जबाबदारी कंत्राटदारावर सोपवून केवळ 'स्प्रिंट' व 'बॅकलॉग' हे शब्द स्वीकारले असते तर निष्पत्ती तशीच झाली असती, असे म्हणणे कठीण आहे.

निष्कर्ष :

१. प्रकल्प बदलांमुळे मोडत नाहीत. बदलांचा निर्णय कोणी, केव्हा व कशाच्या मोबदल्यात घ्यावयाचा हे निश्चित नसल्यामुळे मोडतात.
२. चपळ पद्धतीत नियंत्रण नाहीसे होत नाही. ते दस्तऐवजाकडून वेळापत्रकाकडे व प्राधान्यक्रमाकडे सरकते.
३. बदलाची किंमत लवकर व उघडपणे दिसणे, हे या पद्धतीचे प्रमुख योगदान होय.
४. यंत्रसामग्री, खरेदीचे नियम व वरिष्ठ पातळीवरील नेतृत्वाचे स्थैर्य या बाबी पद्धतीच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची स्वतंत्र तजवीज करावी लागते.

संगणकशास्त्र व व्यवस्थापनशास्त्र यांच्या वर्गांत चपळ पद्धत बहुधा संज्ञांच्या व आकृत्यांच्या रूपाने शिकविली जाते. रॉइस यांच्या आकृतीचे जे झाले तेच या आकृत्यांचेही होण्याची शक्यता आहे : आकृती लक्षात राहील आणि तिच्यामागील इशारा विसरला जाईल. 'व्हर्च्युअल केस फाइल' व 'सेंटिनल' ही प्रकरणे शेजारीशेजारी ठेवून शिकविल्यास बदलाचे स्वागत करणे आणि बदलापुढे शरण जाणे यांतील अंतर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उदाहरणांतून समजू शकेल.